'अँड'च्या पुढचा शब्द

चैत्र लागला की मला राग येतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे तो उन्हाच्या माथी मारतात. नागपूरचं ऊन आहेही तसंच. दहा वाजता रस्ता पांढरा पडतो, टांग्याच्या घोड्यांच्या माना खाली जातात, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की पाच मिनिटं सुरेख वास येतो आणि मग नुसता दमटपणा उरतो. कडुनिंबाचा मोहर अंगणभर सांडलेला असतो, त्याच्या गोडूस वासानं डोकं जड होतं. आणि याच दिवसांत शाळेतून तपासायच्या पेपरांचे गठ्ठे घरी येतात. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. गठ्ठ्याची दोरी सोडली की कपाळाची शीर उडू लागते.

यंदा मी आठवीच्या मुलींना एक प्रश्न घातला होता. तुमच्या रोजच्या दिवसाबद्दल दहा वाक्यं लिहा, प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू करा, आणि प्रत्येकात दोन गोष्टी जोडून सांगा. एकीनं लिहिलं, 'आय वेक अप अँड देन आय गो टु द वेल.' छान. दुसरीनं लिहिलं, 'आय ॲम टायर्ड बट स्टिल आय कॅरी द वॉटर.' तेही छान. तिच्या कमरेवरची घागर मला दिसली. तिसरीनं लिहिलं, 'आय ॲम अ गर्ल अँड देअरफोर आय कुक.' मी मुलगी आहे आणि म्हणून मी स्वयंपाक करते. व्याकरणाची एकही चूक नाही. मी लाल शाईचा टाक उचलला आणि त्या 'देअरफोर'वर इतक्या जोरानं रेघ मारली की कागद फाटला.

मग पेपर बाजूला ठेवला आणि पाणी प्यायले. त्या पोरीचा काय दोष? तिला कुणीतरी शिकवलं, कदाचित मीच शिकवलं, की नुसतं 'अँड' लिहिलं तर वाक्य पोरकट दिसतं. 'अँड'च्या पुढं काहीतरी भारदस्त हवं. आमच्या व्याकरणात अँड, बट, ऑर यांना उभयान्वयी अव्यय म्हणतात. ती बिचारी नुसती दोन वाक्यांच्या मध्ये उभी राहून दोघांचे हात धरतात. खरं बोलतं ते त्यांच्या पुढचं क्रियाविशेषण. 'अँड देन' म्हटलं तर आधी काय झालं आणि नंतर काय, एवढंच सांगितलं. 'बट स्टिल' म्हटलं तर माणसाचा हट्ट सांगितला. आणि 'अँड देअरफोर' म्हटलं की झाला निकाल; अमुक झालं त्याचं कारण तमुक, आता तक्रारीला जागा नाही. एवढासा शब्द, आणि माणूस त्यात कायमचा अडकतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी मॅट्रिकला बसले त्या उन्हाळ्यात शिकले. त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील.

तेव्हा आम्ही सीताबर्डीच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा, माय आणि मी. बाबा एका सरकारी कचेरीत नकलनवीस होते. मूळ कागद समोर ठेवायचा आणि हुबेहूब दुसरा तयार करायचा, हे त्यांचं काम. अठरा वर्षं त्यांनी तेच केलं. अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी. कचेरीतून घरी आले की आधी कुडत्याच्या बाहीवरचे शाईचे डाग मायला दाखवायचे, जसं काही ते डाग तिनंच पाडले, आणि मग पाय धुवायचे. काटोलकडचे होते ते. बोलणं अस्सल तिकडचं. कचेरीत वरचे लोक हिंदीत बोलत, साहेब इंग्रजीत बोलत, आणि बाबा सगळ्यांना 'जी' म्हणत. इंग्रजी त्यांच्या बोटांतून वाहायचं, तोंडातून मात्र कधी बाहेर पडायचं नाही. मी त्यांना विचारलं होतं एकदा, तुम्ही इंग्रजीत का बोलत नाही. ते म्हणाले होते की माझं इंग्रजी दुसऱ्यांचं आहे. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, त्यांना येतच नाही.

आणि मला येत होतं. याचा मला इतका माज होता, की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमच्या शाळेत इंग्रजीला सॅम्युएलबाई होत्या. पांढरी साडी, काळे बूट, हातात नेहमी खडू. मॅट्रिकच्या पेपरात तुटक वाक्यं जोडण्याचा एक प्रश्न हमखास येई, आणि बाईंचा त्यावर फार जीव. त्या म्हणत, तुटक बोलतं ते लहान मूल. शहाणं माणूस जोडून बोलतं. फळ्यावर दोन वाक्यं लिहायच्या आणि आम्ही ती जोडायची. 'आय वॉज इल. आय डिड नॉट कम.' मी नुसतं 'अँड'नं जोडलं की बाई तोंड वाकडं करायच्या. 'अँड सो' म्हटलं की बरं म्हणायच्या. पण एके दिवशी मी उठून 'अँड कॉन्सिक्वेंटली' म्हणाले, आणि बाईंनी खडू खाली ठेवला, सगळ्या वर्गाकडे पाहिलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. परिणामी. एवढा मोठा शब्द माझ्या तोंडातून असा गोल निघाला की मला दिवसभर तहान लागली नाही. त्यानंतर मी तो जिथं तिथं वापरू लागले. मायला सुद्धा सांगितलं, डाळ जळली अँड कॉन्सिक्वेंटली मी उपाशी आहे. ती म्हणाली, जळली नाही, लागली थोडी, खा.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते तेव्हा बाबा एक दिवस दुपारीच घरी आले. उन्हाळ्यामुळे सकाळची कचेरी होती, पण इतक्या लवकर ते कधी येत नसत. पाय धुतले नाहीत. डाग दाखवले नाहीत. खाटेवर बसले आणि मायनं दिलेलं पन्हं हातात धरून राहिले.

झालं होतं असं. एका गावाच्या हद्दीच्या वादाचे जुने कागद, लाल कापडात बांधलेला एक बस्ता, बाबांकडे नकलेसाठी आला होता. त्यांनी तो सोडून टेबलावर ठेवला. तेवढ्यात शिपायानं येऊन साहेबांनी बोलावल्याचं सांगितलं. साहेबांना एका मसुद्यातला शब्द लागत नव्हता. मूळ लिहिणाऱ्याचं अक्षर बाबांनाच वाचता येई. बाबांनी तो वाचून दिला आणि पावघटकेत परत आले. बस्ता टेबलावर नव्हता. साहेब दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघायचे होते, त्यामुळे कचेरीत पेट्या भरणं, दोऱ्या आवळणं, हमालांची ये-जा सगळं चाललं होतं. शेजारच्या टेबलावर बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, बसले होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं नाही असं सांगितलं. कचेरी उलथीपालथी केली. बस्ता नाही. साहेबांनी दौऱ्याच्या तयारीतच सांगितलं की नकलनविसानं दोन दिवसांत लेखी जबाब द्यावा. इंग्रजीत.

बाबा रात्री जेवले नाहीत आणि सकाळी कागद घेऊन बसले. तासाभरानं मी पाहिलं तर कागद कोरा. टाक दौतीत बुडवायचे, कागदावर आणायचे, आणि शाई वाळेपर्यंत तसेच धरून ठेवायचे. मी जवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं, "दुसऱ्याचा 'आय' हजारदा लिहिला वं मी. माह्यासाठी एकदाही नाही लिहिला. हात चालून नाही राहिला."

मी म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहिते.

त्यांनी सांगितलं. कसं सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण पुढं कित्येक वर्षं मी तेच पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. "मी बस्ता टेबलावर ठेवला. साहेबानं बलावलं. मी गेलो. मंग आलो, तं बस्ता नव्हता." एवढंच. चार तुटक वाक्यं. मी विचारलं, बडे बाबू शेजारी होते ते लिहायचं का? ते म्हणाले, जे मी पाहिलं नाही त्यात कुणाचं नाव कसं घालू. मी म्हटलं, बरं. आणि लिहू लागले.

मी काय लिहिलं? मी बाबांसाठी लिहीत नव्हते. मी सॅम्युएलबाईंसाठी लिहीत होते. त्या चार वाक्यांकडे मी पाहिलं आणि मला ती लहान मुलासारखी वाटली. माझ्या बापाची वाक्यं लहान मुलाची. मी ती जोडली. साहेबांचं बोलावणं पुढच्या वाक्यात नेऊन ठेवलं, तिथं ते शोभत होतं. आणि पहिलं वाक्य असं झालं: 'आय लेफ्ट द बंडल ऑन द टेबल अँड कॉन्सिक्वेंटली इट वॉज लॉस्ट.' मी बस्ता टेबलावर सोडून गेलो आणि परिणामी तो हरवला.

बाबा 'मंग' म्हणाले होते. मंग म्हणजे नंतर. मी त्याचं 'त्यामुळे' केलं.

लिहून झाल्यावर मी उभी राहून, वर्गात वाचते तसं, मोठ्यानं वाचून दाखवलं. माय चुलीपासून उठून दारात येऊन ऐकत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा दिसत होता ते मला आज समजतं, आणि समजू नये असं वाटतं. त्यांनी टाक घेतला आणि खाली सही केली.

चार दिवसांनी साहेब दौऱ्यावरून परतले. बाबांना खोलीत बोलावलं, आणि बडे बाबूंच्या समोर तो कागद वाचला. पूर्ण नाही, ते एकच वाक्य. दोनदा. मग म्हणाले की चौकशीची गरजच उरली नाही, माणसानं स्वतःच्या सहीनं कारण लिहून दिलं आहे. हुकूम निघेपर्यंत बाबांनी कामावर येऊ नये. घरी येऊन बाबांनी हे सांगितलं ते कुणाविषयी तक्रार न करता, जणू एखाद्या कागदाची नक्कल वाचून दाखवावी तसं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं सुद्धा. माझ्या आठवणीत बाबांनी मोठ्यानं म्हटलेलं पहिलं इंग्रजी वाक्य ते. 'कॉन्सिक्वेंटली'वर ते जरा थांबले आणि पुढं गेले.

मला तेव्हा कळलं. 'अँड देन' लिहिलं असतं तर? एका शब्दाचा फरक. 'अँड देन इट वॉज गॉन.' मग साहेबांना विचारावं लागलं असतं, कुणी नेला, कसा गेला, पेट्या कुणी भरल्या. मी त्यांचा प्रश्नच मिटवून दिला होता. आणि वाक्य किती डौलदार होतं!

मी रडत होते तेव्हा माय कोरडेपणानं म्हणाली की शब्द चुकला असेल तर खोडावा आणि दुसरा लिहावा, त्यात एवढं काय आहे. तिला खरंच वाटत होतं. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भाजी आणायला बाहेर पडले आणि आम्ही दोघी कचेरीत गेलो. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. ती बाहेर व्हरांड्यात बसली आणि मी आत गेले. परीक्षेला आठ दिवस होते.

साहेब वाईट नव्हते. हे लिहिताना मला जास्त राग येतो. ओरडले असते, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली. बडे बाबू कागद हातात घेऊन बाजूला उभे होते. मी घरून पाठ करून आले होते ते म्हटलं. सर, माझे वडील 'देन' म्हणाले होते. मी 'कॉन्सिक्वेंटली' लिहिलं. ही चूक माझी आहे आणि फक्त माझीच आहे. साहेबांनी शांतपणे ऐकलं, कोणत्या शाळेत जातेस ते विचारलं, आणि म्हणाले की तुझं इंग्रजी फार चांगलं आहे. मी थँक यू म्हणाले. म्हणाले, खरंच म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या वडिलांनी सही करण्याआधी वाचलं नव्हतं का?

आणि मी बाबांना वाचवण्यासाठी जे सुचलं ते बोलले. मी सांगितलं की त्यांना असे शब्द समजत नाहीत.

साहेबांनी टाक खाली ठेवला. बडे बाबूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "म्हणजे अठरा वर्षं हा मनुष्य न समजता सरकारी कागदांच्या नकला करतो आहे. हे तर जास्त गंभीर आहे, मिस."

हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं. मी मराठीत लिहिलं, कारण त्यांच्या शब्दांत ते मला पुन्हा ऐकायचं नाही. मी उठून बाहेर आले, तिथं आग ओकणारं ऊन होतं. मायनं विचारलं, बदलला का शब्द? मी हो म्हणाले. टांग्यात बसल्यावर ती म्हणाली, साहेब भला आहे.

पाच दिवसांनी हुकूम आला. त्यात कारणं दोन होती. निष्काळजीपणा, स्वतःच्या लेखी कबुलीनुसार. आणि कामाला अपात्र, घरच्याच माणसाच्या सांगण्यानुसार. बाबांनी हुकूम वाचला, घडी केली आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते मला टाळत होते असंही नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्या पेनाचं निब पुसून दिलं.

त्याच आठवड्यात मी सॅम्युएलबाईंकडे गेले होते. मला कुणीतरी माझ्यावर चिडावं असं वाटत होतं. त्यांना सगळं सांगितलं, वाक्यही म्हणून दाखवलं. बाईंचा चेहरा पडला, हे खरं. पण पहिली गोष्ट त्या बोलल्या ती अशी की वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर आहे. मग त्यांना स्वतःलाच काहीतरी वाटलं असावं. त्यांनी माझा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला. आज मीही त्याच टेबलामागं उभी असते, माझ्याही हाताला खडू लागलेला असतो, आणि कधी कधी मला त्यांची दया येते. त्या दिवशी आली नाही.

मग परीक्षा. बाबा मला हॉलपर्यंत सोडायला आले. आता त्यांना दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं. आत आम्ही मुली जेमतेम दहा-बारा, एका बाजूला बसवलेल्या. प्रश्नपत्रिका आली. चौथा प्रश्न: पुढील वाक्यं योग्य शब्दांनी जोडा. मी त्या प्रश्नाकडे बघत बसले. आत असा संताप उसळला की वाटलं कागद चुरगाळून पर्यवेक्षकाच्या टेबलावर फेकावा आणि निघून जावं. तुटकंच राहू द्या, म्हणावं, ती वाक्यं. ज्यांची आहेत त्यांनी जशी म्हटली तशीच राहू द्या. खिडकीतून बाहेर पाहिलं तर बाबा कडुनिंबाखाली उन्हाची तिरीप चुकवत बसले होते, मांडीवर माझा डबा, आणि डब्यावर हात ठेवलेला. मी पाचही वाक्यं जोडली. एकात 'कॉन्सिक्वेंटली' चपखल बसत होतं, तिथं ते लिहिलं. त्या हॉलमध्ये माझ्याइतकं बरोबर कुणी लिहिलं नसेल. इंग्रजीत मला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले, आणि त्या गुणांची मला आजही किळस येते.

निकाल लागण्याआधीच आम्ही खोल्या सोडल्या. बाबा काटोलला काकांकडे गेले. काकांची संत्र्याची बाग होती. अठरा वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस झाडांच्या आळ्यांना पाणी देऊ लागला, आणि पायांना भेगा पडल्या. माय त्यांच्याबरोबर गेली. मला नागपुरातच एका नातलग बाईंकडे ठेवलं, पुढं शिकावं म्हणून. तो त्यांचाच आग्रह.

आणि पावसाळ्याच्या मध्यावर बस्ता सापडला. लाल कापड, वरची गाठ सुद्धा तशीच. साहेबांच्या दौऱ्याच्या पेटीत सापडला. पेट्या भरण्याच्या गडबडीत कुणीतरी टेबलावरचे कागद उचलून साहेबांच्या कागदांबरोबर भरले होते. दौऱ्यावर ती पेटी उघडलीच नाही. पावसात दमट झाली म्हणून वाळवायला उघडली, तेव्हा तो निघाला. हे बाबांना कळलं ते बडे बाबूंकडून. ते काही कामानं काटोलला गेले होते तेव्हा मुद्दाम बागेत जाऊन भेटले. त्यांनी साहेबांना विचारलं होतं म्हणे, आता नकलनविसाचं काय. साहेब म्हणाले, बस्ता सापडला हे चांगलं झालं, पण निष्काळजीपणा तर झालाच, त्यांनी स्वतःच लिहून दिला आहे. शिवाय दुसरं कारण आहेच. कागद फाइलमध्ये होता. कागदावर 'परिणामी' होतं. हरवलेली वस्तू परत आली तरी माझा शब्द जागचा हलला नाही.

साहेब काही वर्षांनी बदलून गेले. आता तर सगळेच इंग्रज जायच्या गोष्टी चालल्या आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये म्हणे पेट्या भरणं सुरू झालं आहे. लोक आनंदात आहेत आणि मीही आहे. पण ते गेल्यावरही माझ्या वर्गात ही वाक्यं राहतीलच. मी मुलींना शिकवते ते असं: आधी तुमचं म्हणणं मराठीत म्हणा, जसं घरी म्हणता तसंच. 'मंग' म्हणालात तर 'मंग'चंच इंग्रजी करा. जोडायचं असेल तर जोडा, पण मधला शब्द तुमचा आहे की बाईंना आवडावा म्हणून आणलेला, ते स्वतःला विचारा. मुली माना डोलावतात आणि पेपरात 'देअरफोर' लिहितात, कारण गुण त्याला मिळतात. आणि गुण देणारी मीच. मग मी कुणावर चिडते?

बाबा गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी काटोलला होते. त्यांना दम लागत असे. दिवसभर झाडांच्या मधल्या उन्हात खाट टाकून पडून असायचे. संत्र्यांचा हंगाम होता, बागेत तोडणी चालू होती, बायकांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. मी त्यांना फोडी सोलून देत होते. इतक्या वर्षांत आम्ही त्या कागदाबद्दल एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवशी मीच काढलं. म्हणाले, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. मी तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ सांगायला हवा होता.

त्यांनी फोड तोंडात ठेवली, हळूहळू चावली, बी हातावर काढली.

"अर्थ मालूम होता मले," ते म्हणाले. "अठरा वर्षं तोच शब्द लिहून राहिलो होतो. हुकमात येतेच तो."

मी विचारलं, "मंग खोडला काहून नाही, बाबा?"

"तू वाचून दाखवला नं. मायही रडली." त्यांनी दम आवरला. "आन् साहेब मले रोज पाहत होता. मले वाटलं, तो कागद नाही, माणूस पाहते. एका शब्दानं काय होते."

मग त्यांनीच, छताकडे पाहावं तसं झाडाच्या शेंड्याकडे पाहत सांगितलं की मी साहेबांना काय म्हणाले ते बडे बाबूंनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. बाबांना असे शब्द समजत नाहीत, असं मी म्हणाले ते. आणि त्याचं वाईट नको वाटून घेऊ म्हणाले. लेकरू घाबरलं की काहीही बोलतं.

मी उठले आणि बागेच्या पार टोकाला गेले. तोडणाऱ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मला ओरडायचं होतं. मला त्यांना विचारायचं होतं की एवढं समजत होतं तर माझा चेहरा कशाला सांभाळलात, माझा कान धरायचा होता, तो शब्द माझ्यासमोर खोडायचा होता, मी दोन दिवस रुसले असते आणि सगळं निभावलं असतं. इतकी वर्षं मी साहेबांवर चिडले, बाईंवर चिडले, स्वतःवर चिडले. बाबांवर चिडायचं राहून गेलं होतं. परत आले तेव्हा त्यांना झोप लागली होती, आणि मी त्यांना काहीच विचारलं नाही.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. माय म्हणते, आता सोड. मी सोडत नाही. मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.